अनधिकाऱ्याची जिज्ञासा : 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' यांचे एक वाचन

१

विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी ग्रंथारंभी सांगाव्यात, अशी भारतीय शास्त्रग्रंथांची रीत आहे. ग्रंथ कशाविषयी आहे हे सांगणे जितके आवश्यक, तितकेच तो कोणासाठी आहे हे सांगणेही आवश्यक मानले गेले. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात 'जिज्ञासा' हा शब्द येतो. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात 'अपशूद्राधिकरण' या नावाने ओळखला जाणारा भाग आहे आणि शूद्राला या विद्येचा अधिकार नाही, असा त्याचा अर्थ शंकराचार्य व रामानुजाचार्य या दोन्ही भाष्यकारांनी लावलेला आहे. जाणून घेण्याची इच्छा मनुष्यमात्राला असते. ती शास्त्राच्या दारात घेऊन येण्याची मुभा मात्र सर्वांना नसते, ही व्यवस्था अशा प्रकारे एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नोंदली गेली आहे.

आधुनिक ज्ञानशाखांनी अधिकाराचा निकष बदलला, परंतु अधिकाराची कल्पना टाकून दिली नाही. आता प्रशिक्षण, पद्धती आणि पुरावा यांच्या आधारे अधिकार सिद्ध करावा लागतो. हा बदल मोलाचा आहे, यात शंका नाही. मात्र त्यातून एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्याला प्रशिक्षण नाकारले गेले आहे, पण ज्याच्या जगण्याचा प्रत्येक धागा त्या शास्त्राच्या विषयाशी बांधलेला आहे, अशा माणसाने त्या शास्त्रात प्रश्न विचारले, तर त्या प्रश्नांचे आणि त्यांच्या चुकलेल्या उत्तरांचे वाचन समीक्षेने कसे करावे?

मराठीत हा प्रश्न जोतीराव फुले यांच्या गद्यलेखनाइतका तीव्रपणे अन्यत्र क्वचितच उपस्थित होतो. फुले (१८२७–१८९०) यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. पुढे महाविद्यालयीन शिक्षण झाले नाही. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली. म्हणजे इतिहास, भाषाशास्त्र, अर्थशास्त्र, कृषिविज्ञान किंवा लोकविद्या यांपैकी कोणत्याही शाखेचे ते अधिकृत अभ्यासक नव्हते. तरीही 'गुलामगिरी' (१८७३) आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या दोन पुस्तकांत ते या सर्व शाखांत निःसंकोच वावरतात. ते शब्दांची व्युत्पत्ती सांगतात, दैवतांचा इतिहास जुळवतात, सरकारी जमाखर्चाची झडती घेतात, डोंगरावरून वाहून येणाऱ्या मातीची चर्चा करतात आणि मेंढ्यांच्या बेण्याविषयी सूचना करतात.

या वावराला मराठी समीक्षेने दोन प्रकारचे प्रतिसाद दिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'त (१८७४–१८८१) फुले यांच्या लेखनातील व्याकरण आणि इतिहासविषयक विधाने यांचा उपहास केला. त्यांच्या दृष्टीने भाषेतील अशुद्धी हाच लेखक अनधिकारी असल्याचा पुरावा होता. दुसरा प्रतिसाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले समग्र वाङ्मय प्रसिद्ध झाल्यानंतर फुले यांच्या लेखनाचा गंभीर अभ्यास सुरू झाला, ही निःसंशय मोठी घटना होय. परंतु या अभ्यासातही बहुधा एक विभागणी गृहीत धरली जाते. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे निरीक्षण हे फुले यांचे खरे योगदान, आणि व्युत्पत्ती व पुराणकथांचे अर्थ हा त्या काळाचा दोष किंवा प्रचाराची सोय, असे मानून दुसऱ्या भागावरून अदबीने पुढे जाण्याची प्रथा पडली आहे. रोझालिंड ओ'हॅनलन यांच्या १९८५ सालच्या इंग्रजी ग्रंथासारखे काही अपवाद आहेत. तेथे बळीच्या कथेची पुनर्रचना विचारव्यूह म्हणून तपासली गेली आहे. पण सर्वसाधारण चित्र उपहास किंवा अदब असेच आहे. या दोन्ही भूमिका वरवर विरुद्ध दिसल्या, तरी एका बाबतीत समान आहेत. दोन्हींत फुले यांच्याशी वाद घातलेला नाही.

२

'गुलामगिरी'ची संहिता सोळा भागांची असून धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात रचलेली आहे. दशावतारांच्या कथा या आर्यांच्या स्वाऱ्यांच्या विकृत स्मृती आहेत, हे तिचे मुख्य प्रतिपादन. मत्स्य आणि कच्छ हे लहान-मोठ्या होड्यांतून आलेल्या टोळ्यांचे नायक ठरतात आणि वामनाने पाताळात घातलेला बळी हा येथील शेतकऱ्यांचा न्यायी राजा ठरतो. दिवाळीत बळीचे राज्य परत यावे म्हणून स्त्रिया करीत असलेले औक्षण येथे पुरावा म्हणून पुढे येते. ग्रंथात ज्याचा पराभव सांगितला आहे, त्याच्या पुनरागमनाची इच्छा घराघरात दरवर्षी का व्यक्त होते, हा फुले यांचा प्रश्न आहे. लोकाचार आणि पुराणपाठ यांच्यातील विसंगती नेमकी हेरणारा हा प्रश्न आजच्या लोकविद्येच्या अभ्यासकालाही नाकारता येणार नाही.

उत्तर देताना मात्र फुले व्युत्पत्तीचा आधार घेतात. 'महार' हा शब्द ते 'महाअरि'वरून, म्हणजे मोठा शत्रू या अर्थावरून लावतात. 'क्षत्रिय' हा शब्द 'क्षेत्र', म्हणजे जमीन, या शब्दाशी जोडतात. खंडोबा हा बळीच्या राज्यातील एका खंडाचा अधिकारी होतो आणि शेताच्या बांधावरील शेंदूर फासलेला म्हसोबा हा बळीचा 'महासुभा' होतो.

या व्युत्पत्ती टिकत नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'क्षत्रिय' हा शब्द 'क्षत्र' या शब्दापासून सिद्ध होतो, 'क्षेत्र' या शब्दापासून नव्हे. म्हसोबाचा संबंध महिषाशी, म्हणजे रेड्याशी आणि महिषासुराशी आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील दैवतांच्या प्रत्यक्ष पाहणीतून हा संबंध दाखवला. शिवाय 'महासुभा' या शब्दात एक उघड कालविपर्यास आहे. 'सुभा' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. अकबराने १५८० साली साम्राज्याची सुभ्यांत विभागणी केली आणि मोगल व पुढे मराठी राजवटींच्या कारभारात हा शब्द रुळला. आर्यपूर्व बळीच्या दरबारात तो असणे शक्य नाही.

येथे उपहास करणाऱ्याचे काम संपते. समीक्षेचे काम येथे सुरू होते. एखादी चूक घडली, तर ती नेमकी याच दिशेने का घडली, हे विचारावे लागते. बळीच्या अधिकाऱ्यासाठी फुले यांना सेनापती, पुरोहित किंवा ऋषी यांपैकी कोणतेही पद सुचत नाही. मुलकी कारभारातील पद सुचते. हा महासुभा काय करतो, तेही त्यांनी सांगितले आहे. तो शेतांतील पिकाची पाहणी करतो, त्याप्रमाणे सूट देतो आणि रयतेला आनंदात ठेवतो. म्हणूनच त्याच्या पश्चातही कुणबी त्याचे नाव घेतल्याखेरीज पेरणी-कापणीला हात घालीत नाही, असे फुले म्हणतात.

'सूट' हा येथील कळीचा शब्द आहे. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यात जी रयतवारी पैमाश सुरू झाली, तिच्यात सारा तीस वर्षांसाठी रोख रकमेत ठरवून दिला जाई. दर माफक ठेवले म्हणजे चांगल्या वर्षातील शिल्लक वाईट वर्षाला उपयोगी पडेल आणि दरसाल पीक पाहून सूट देण्याची गरज उरणार नाही, असे तिच्यामागील तत्त्व होते. १८६०नंतर तीस वर्षांची मुदत संपू लागली तेव्हा फेरपाहणीत अनेक ठिकाणी सारा वाढवण्यात आला. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. १८७६ ते १८७८ या काळात दुष्काळ पडला. 'गुलामगिरी' या घटनांच्या दोन-तीन वर्षे आधीची आहे. बांधावरच्या दगडात फुले यांना जो अधिकारी दिसला, तो पाहणी करून सूट देणारा होता. सरकारी पैमाशीने नेमके हेच काम तत्त्वतः रद्द केले होते.

तात्पर्य, 'महासुभा' ही व्युत्पत्ती भाषेच्या इतिहासाविषयी काही खरे सांगत नाही. महसुलाच्या इतिहासाविषयी मात्र बरेच खरे सांगते. लोकदैवत, शब्द आणि सारा हे तीन वेगवेगळ्या शास्त्रांचे विषय लेखकाच्या मनात एकाच शेतात उभे आहेत. फुले यांच्या लेखनातील निरीक्षण आणि व्युत्पत्ती यांची विभागणी म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. जी जिज्ञासा सरकारी वसुलाचा हिशोब मागते, तीच म्हसोबाच्या नावाचाही हिशोब मागते. पहिल्या ठिकाणी ती बरोबर ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी चुकते, यामागचे कारण शोधणे हा पुढचा प्रश्न आहे.

३

या कारणाचा पहिला धागा 'गुलामगिरी'च्या रूपबंधातच सापडतो. संवाद हा जिज्ञासेचा स्वाभाविक आकार होय. धोंडीबा प्रश्न विचारतो, शंका काढतो, कधी आश्चर्य व्यक्त करतो. सुरुवातीच्या भागांत त्याचे प्रश्न खरोखर अडवणारे आहेत. ब्रह्मदेवाच्या अवयवांपासून वर्ण जन्मले या कथेची जी छाननी तेथे होते, ती सामान्य बुद्धीच्या निर्भय वापराचा उत्तम नमुना आहे. परंतु संवाद पुढे सरकतो तसा धोंडीबा अधिकाधिक अनुमोदक होत जातो. जोतीराव 'महासुभा' म्हणतात तेव्हा, सुभा हा शब्द तर यवनी अंमलातला, मग तो बळीच्या वेळी कोठून आला, असे धोंडीबा विचारीत नाही. कचेरीत खेटे घालणाऱ्या कोणत्याही कुणब्याला हा प्रश्न सुचू शकला असता. जेथे धोंडीबा गप्प बसतो, तेथे संहितेची चौकसबुद्धीही थांबते आणि संवादाचे रूपांतर प्रश्नोत्तररूपी पाठात होते. फुले यांच्या विरोधकांनी व्याकरणातील दोष दाखवले. या कृतीचा खरा वाङ्मयीन दोष मात्र धोंडीबाचे हे मौन आहे.

'शेतकऱ्याचा असूड' या पाच प्रकरणांच्या पुस्तकात धोंडीबा नाही. विद्येच्या अभावापासून वित्ताच्या ऱ्हासापर्यंत जाणारी कारणांची साखळी त्याच्या आरंभी येते आणि पुढील विवेचन तिच्याच आधाराने उभे राहते. पहिल्या प्रकरणात जन्मापासून मृत्यूपर्यंत आणि मृत्यूनंतरही धार्मिक विधींच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घरातून काय काय जाते, याची यादी येते. ही यादी एका अर्थाने घरखर्चाची वही आहे. दादाभाई नौरोजी यांनी भारतातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशोब मांडला. फुले यांचा हिशोब खेड्यातून भटाकडे, कचेरीकडे आणि सावकाराकडे वाहणाऱ्या संपत्तीचा आहे. प्रशिक्षित अर्थशास्त्राने राष्ट्र हे एकक घेतले. या अनधिकाऱ्याने कुणब्याचे घर हे एकक घेतले. या निवडीमुळे त्यांना जे दिसले, ते राष्ट्र हे एकक घेणाऱ्याच्या नजरेतून निसटणे साहजिक होते.

येथे त्यांच्याशी प्रतिवाद करणारे कोणी पात्र नसले, तरी वस्तुस्थिती त्यांच्याशी सतत प्रतिवाद करीत असते. पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेल्या जीवजंतूंचे अवशेष यांचे सत्त्व खाली शेतात येते आणि जमीन सुपीक होते, हे निरीक्षण ते नोंदवतात. त्यावरून तीन सूचना निघतात. पाणी आणि माती अडवण्यासाठी ताली व बंधारे घालावेत, त्या कामी फौजेतील व पोलिसांतील रिकामे हात लावावेत आणि तळ्यांतील व नदीनाल्यांतील गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा. खडकवासल्याच्या धरणासाठी साहित्य पुरवण्याचे काम केलेल्या कंत्राटदाराला पाणी, दगड आणि मजुरी यांची भाषा परकी नव्हती. विसाव्या शतकात मृद्संधारण व पाणलोट विकास या नावांनी जो विचार महाराष्ट्रात प्रतिष्ठित झाला, त्याचा गाभा या सूचनांत आहे. हे भाकीत नव्हते. उतारावरून माती कोठे जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याच्या निरीक्षणाचा तो सरळ निष्कर्ष होता.

याच प्रकरणातील एक सूचना विशेष विचार करण्याजोगी आहे. सरकारने पाणाड्यांकडून जमिनीची पाहणी करवावी, दोन मोटांहून अधिक पाणी लागेल अशा जागा गावाच्या नकाशात दाखवाव्यात आणि सरकारी मदतीवाचून विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावे, असे फुले सुचवतात. पाणाड्या हा लोकपरंपरेतील जाणकार, तर गावचा नकाशा हे इंग्रजी पैमाशीचे शास्त्रीय साधन. या दोन भिन्न ज्ञानव्यवस्था फुले एका वाक्यात एकमेकींच्या कामाला लावतात. जो लेखक पहिल्या प्रकरणात जोशाच्या ग्रहदशेची एवढी झाडाझडती घेतो, तो पाणाड्यावर विश्वास कसा ठेवतो, अशी शंका येथे येईल.

तिचे उत्तर सूचनेतील 'दोन मोटा' या मापात आहे. जोशाचे भाकीत कधी खोटे पडत नाही. ते फसले, तर विधीत उणीव राहिली असे म्हणता येते. पाणाड्याचे भाकीत मात्र खणल्यावर तपासले जाते. विहिरीला दोन मोटांचे पाणी लागते किंवा लागत नाही. डहाळीच्या ओढीने पाणी कळते हा दावा नियंत्रित चाचण्यांत टिकलेला नाही, हे आज सांगता येते. परंतु झाडे, वारुळे आणि जमिनीचा पोत यांवरून भूजलाचा अंदाज बांधण्याची परंपराही या विद्येत मिसळलेली होती. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त उदकार्गल या नावाचे एक प्रकरणच तिला वाहिलेले आहे. फुले यांना या विद्येची उपपत्ती ठाऊक असण्याची गरज नव्हती. तिची परीक्षा होऊ शकते, एवढे त्यांना पुरेसे होते.

अनधिकाऱ्याच्या जिज्ञासेचे बळ आणि तिची मर्यादा यांची रेषा येथे दिसते. जेथे खणून पाहता येते, तेथे फुले क्वचितच चुकतात. सारा, गाळ, बैल, विहीर, कचेरीतील लाच या सर्वांना खालून उत्तर देणारी एक जमीन आहे. शब्दाच्या पोटात खणून पाहण्याची पद्धत मात्र त्यांच्या हाती नव्हती. ध्वनिपरिवर्तनाचे नियम आणि जुन्या कागदांतील शब्दरूपे ही त्या क्षेत्रातील कुदळ-फावडी. ती ज्या दालनांत ठेवलेली होती, तेथे त्यांच्या समाजाला प्रवेश नव्हता. त्यामुळे व्युत्पत्तीच्या क्षेत्रात त्यांचा प्रश्न खरा राहिला आणि उत्तर मात्र इच्छेने दिले.

४

हा दोष केवळ फुले यांचा नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हेही विद्यापीठीय पदाबाहेर राहून काम करणारे संशोधक होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांचे संकलन त्यांनी १८९८पासून प्रसिद्ध केले. त्यांचे ऋण फिटण्यासारखे नाही. त्यांनाही शब्दांच्या मुळांचा अनावर सोस होता. ग्रामनामांपासून आडनावांपर्यंत त्यांनी लावलेल्या अनेक व्युत्पत्ती पुढील भाषाभ्यासाने स्वीकारल्या नाहीत, आणि त्यांच्या निष्कर्षांतही स्वतःच्या समाजाविषयीचा अभिमान डोकावतो. तथापि राजवाडे यांची चूक ही संशोधकाची चूक मानली गेली. तिच्यावर वाद झाले, लेख लिहिले गेले, खंडने प्रसिद्ध झाली. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखे व्यासपीठ त्या वादांसाठी उपलब्ध होते.

फुले यांच्या वाट्याला खंडन आले नाही. प्रारंभी हेटाळणी आली आणि नंतर वंदन आले. खंडन हा ज्ञानव्यवहारातील सन्मान आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. ज्याचे विधान तपासून खोटे ठरवले जाते, त्याला त्या व्यवहाराचा सभासद मानलेले असते. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ते पत्र सामान्यतः सामाजिक निषेध म्हणून वाचले जाते. परंतु जेथे आपल्या प्रश्नांना उत्तर मिळण्याची शक्यता नाही, तेथे केवळ संख्या भरण्यासाठी बसायचे कशाला, असाही त्याचा आशय आहे. 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात आल्यानंतर छपाई थांबली आणि संपूर्ण पुस्तक लेखकाच्या हयातीत छापून निघाले नाही. धोंडीबाचे मौन हा संहितेचा दोष म्हणून वर दाखवला. त्याला संहितेबाहेरचे हे मौन कारण झाले असावे. ज्या लेखकाला बाहेर खरा प्रतिपक्ष मिळत नाही, त्याच्या संवादातील प्रतिपक्षही हळूहळू होकार भरू लागतो.

शब्दाच्या आणि दैवताच्या क्षेत्रातही खणून पाहता येते, हे पुढे कोसंबी यांनी दाखवले. व्यवसायाने ते गणिती. इतिहासात तेही बाहेरूनच आले होते. पण आहत नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून कालक्रम लावण्याची पद्धत त्यांच्याकडे होती, आणि घाटवाटा, चव्हाटे व शेंदरी दगड पायी हिंडून पाहण्याची चिकाटीही होती. बांधावरच्या म्हसोबाजवळ फुले आणि कोसंबी दोघेही थांबले. दगडामागे इतिहास आहे, हा दोघांचाही विश्वास होता. त्या विश्वासाला परीक्षेची जोड मिळताच महासुभा नाहीसा झाला आणि महिष दिसू लागला. यात फुले यांचा पराभव नाही. ज्या दगडाकडे पंडितांनी पाहिलेच नव्हते, तो प्रश्नाचा विषय आहे हे कोसंबी यांच्या नव्वद वर्षे आधी त्यांनी लिहून ठेवले होते.

मराठीच्या वर्गांत आज 'गुलामगिरी' नेमली जाते तेव्हा म्हसोबाचे पान बहुधा वगळले जाते, किंवा प्रतीक म्हणून सोडवले जाते. दोन्हींमुळे विद्यार्थ्याची अडचण टळते. पण लेखकाला पुन्हा एकदा अनधिकारी ठरवले जाते. ते पान नीट वाचायचे, तर त्यातील व्युत्पत्ती चूक आहे असे फळ्यावर लिहावे लागेल, ती का चूक आहे हे दाखवावे लागेल आणि मग पिकाची पाहणी करून सूट देणारा तो अधिकारी लेखकाला कोठे दिसला, हे विचारावे लागेल. धोंडीबाने जो प्रश्न विचारायचा राहून गेला, तो विचारण्याची जबाबदारी आता वाचकावर आहे.